मातृभाषेच्या रकान्यात काय लिहायचे?

जनगणना येणार हे शिक्षकाला सगळ्यांच्या आधी कळते आणि शिक्षकाच्या घराला त्याच्याही आधी. १६ जून २०२५ ला केंद्राची अधिसूचना निघाली, त्याच संध्याकाळी आमच्या बेगमसाहेबांनी विचारले, "म्हणजे पुन्हा दारोदार?" २०२१ ची हुकलेली जनगणना आता होते आहे. आधी घरांची यादी, मग २०२७ च्या फेब्रुवारीत माणसांची गणती, आणि १ मार्च २०२७ हा हिशेबाचा दिवस. या वेळी कागदाच्या गठ्ठ्याऐवजी मोबाइल. जातही विचारणार आहेत. जातीवरून आमच्या खानदानी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बागवान, मुलाणी, अत्तार, तांबोळी असा जो काही बाजार भरला, त्यावर पुढे कधीतरी लिहू; तो विषय एका पानात मावणारा नाही.

आज दुसरा रकाना घेऊ. मातृभाषेचा.

त्याच ग्रुपवर त्याच आठवड्यात दोन निरोप फिरत आले. पहिला पाठवला पुण्याच्या फुफांनी. त्यात म्हटले होते की मातृभाषा विचारली की बेधडक उर्दू लिहा, नाहीतर उर्दू शाळा बंद पडतील. दुसरा आला अकलूजच्या आमच्या चुलतभावाकडून. त्याचे म्हणणे नेमके उलटे: मराठीच लिहा, नाहीतर उद्या आपल्याला बाहेरचे ठरवतील. दोन्ही निरोपांच्या शेवटी "जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा" होतेच. आणि गंमत अशी की उर्दू लिहा सांगणारा निरोप देवनागरीत होता आणि मराठी लिहा सांगणाऱ्या भावाने खाली स्वतःची भर घातली होती ती अशी: "सबने ध्यान में रखना, नंतर बोलना नै."

वाचकहो, ही नंतरची ओळ कोणत्या भाषेतली आहे, ते तुम्हीच सांगा.

आम्ही २०११ च्या जनगणनेत प्रगणक होतो. तेव्हा तिशीत होतो, नोकरी नवी होती आणि पायात बळ होते. ९ ते २८ फेब्रुवारी असे ते दिवस. नीरा डाव्या कालव्याच्या कडेच्या वाड्यांवर, उसाच्या फडांतून वाट काढत आम्ही तक्ते भरले. नाव, वय, लग्न, शिक्षण ही उत्तरे लोक चटकन देत. मातृभाषा विचारली की मराठा, धनगर, माळी, बौद्ध सगळ्यांच्या घरी हसू यायचे, "गुरुजी, हे काय विचारायचं झालं का?" आपल्या लोकांच्या घरी मात्र हसू यायचे नाही. तिथे शांतता पसरायची. नवरा बायकोकडे बघायचा, बायको सासूकडे. मग कुणी "उर्दू" म्हणायचे, कुणी "हिंदी", कुणी "मराठीच लिहा की, आम्हाला उर्दू कुठं येतं?" एका म्हाताऱ्या चाचींनी तर सरळ सांगितले, "हमारी भाषा मुसलमानी." नियम असा होता की माणूस जे सांगेल ते लिहायचे. आम्ही ते तसेच लिहिले.

पण सगळीकडे तसे होत नव्हते. प्रशिक्षणाच्या दिवशी शेजारी बसलेले एक गुरुजी मोठ्या आपुलकीने म्हणाले होते, "शेख, सय्यद, पठाण दिसलं की मी विचारतच नाही. उर्दू टाकून मोकळा." त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, वेळ वाचवायचा होता एवढेच. मात्र नावावरून भाषा ओळखण्याची ही सवय त्यांचीच एकट्याची नाही. फुफांचा निरोप आणि चुलतभावाचा निरोप, दोघेही तेच करतात. फरक इतकाच की गुरुजींना घाई होती आणि या दोघांना भीती आहे.

आता मूळ नियम पाहू. जनगणनेच्या सूचनांत मातृभाषेची व्याख्या अगदी सोपी आहे. लहानपणी आई मुलाशी ज्या भाषेत बोलायची, ती त्याची मातृभाषा. आई लहानपणीच वारली असेल तर लहानपणी घरात जी भाषा चालायची ती. तुमची लिपी कोणती, शाळा कोणती, धर्म कोणता, प्रेम कोणत्या भाषेवर आहे, यातले काहीही त्या व्याख्येत नाही. आणि एका घरात सगळ्यांची मातृभाषा एकच असली पाहिजे असेही नाही. प्रत्येक माणसाची वेगळी लिहायची. त्याच्या पुढचा रकाना आपण बहुतेक मोकळाच सोडतो. तो असतो येणाऱ्या इतर भाषांचा. मातृभाषेखेरीज आणखी दोन भाषा तिथे लिहिता येतात. म्हणजे उर्दू लिहिली तर मराठी गेली, किंवा मराठी लिहिली तर उर्दू गेली, असा प्रकारच नाही. तरीही ग्रुपवरचे भांडण चार दिवस चालले. भांडणाला व्याख्या लागत नाही.

व्याख्या वाचल्यावर आम्ही इंदापूरला अम्मांना फोन लावला. अम्मा सत्तरीच्या आहेत. त्यांचे माहेर जुने पळसदेव. उजनी धरणाचे पाणी चढले तेव्हा ते गाव उठले. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की पळसनाथाच्या देवळाचे शिखर वर येते आणि वर्तमानपत्रांत फोटो छापून येतात, तेच हे गाव. आम्ही विचारले, "अम्मा, छोटे थे तब तू हमारे से कौनसे भाषा में बोलती थी?" पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग उत्तर आले, "भाषा में कायकू? ऐसीच बोलती थी!"

हे "ऐसीच" आम्हाला फार मोलाचे वाटते. त्यातला "च" मराठीचा आहे. हैदराबादपासून आपल्यापर्यंत सगळ्या दक्खनी बोलीत हा "च" सापडतो, "मैंच गई", "आजच आया", "वोईच बोली". भाषेचे अभ्यासक सांगतात की तो मराठीच्या शेजाराने दक्खनीत आला. "नक्को" तसाच, आपल्या "नको"चा भाऊ. अम्मांच्या बोलण्यात टोपली, न्हाणी, कालवण, भाकरी, वैल, पाटा-वरवंटा, चिरगूट हे सगळे जसेच्या तसे येते आणि वाक्याला शेवटी "हौ", "नै", "करेंगा", "जायेंगा" लागते. "अगे, वो टोपली जरा सरका, पाऊस आया तो भिजेंगा नै क्या सब?" या वाक्यातून मराठी काढली तर टोपली, पाऊस आणि भिजणे जाते, दक्खनी काढली तर वाक्यच उरत नाही. लखनौच्या माणसाला ही उर्दू वाटणार नाही, पुण्याच्या सदाशिव पेठेला ही मराठी वाटणार नाही आणि दिल्लीच्या मास्तरांना ही हिंदी वाटणार नाही.

हिंदीवरून आठवले. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला होता. सरकारने एप्रिलमध्ये आदेश काढला, जूनमध्ये सुधारून काढला आणि २९ जूनला दोन्ही मागे घेतले. त्या काळात शिक्षक-खोलीत आम्हाला सहकारी म्हणायचे, "तुमच्या मुलांचं बरं आहे, हिंदी घरचीच." आमची थोरली नववीत आहे, मराठी माध्यमात. तिला मराठीत जेवढे गुण असतात त्यापेक्षा हिंदीत नेहमी कमी. कारण ती "मुझे"च्या जागी "मेरेकू" लिहिते आणि प्रत्येक "मेरेकू"खाली लाल रेघ येते. घरचीच म्हणायचे ती ही!

पण अम्मांचे दुसरेही एक बोलणे होते. ते फोनवर त्यांना आठवले नाही, आम्हाला आठवते. पहाटे जात्यावर बसल्या की अम्मा ओव्या म्हणायच्या. त्या ओव्या मराठी होत्या, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. भाऊ, माहेर, पाऊस, लेकीचे सासर, गावची जत्रा, पीर, सगळे त्यात यायचे. मांडीवर आम्ही झोपलेले असायचो. रागावणे दक्खनीत, गाणे मराठीत, दुआ अरबीत आणि शुक्रवारी शेजारच्या खालाजान उर्दूतल्या किश्शांचे पुस्तक वाचून दाखवायच्या ते ऐकणे उर्दूत. ते जाते पळसदेवहून नव्या जागी आले, तिथून इंदापूरला आले आणि आता परसात कपडे आपटायच्या दगडाशेजारी पडून आहे.

मराठी बायकांच्या या ओव्या पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या. एक लाखाहून जास्त भरल्या. आपल्या बायकांनीही जात्यावर ओव्या म्हटल्या आहेत, हे ज्यांच्या घरी जाते होते त्यांना सांगावे लागत नाही. आणि या विषयात इंदापूरशी बांधलेले एक नाव आहे, ते नव्या मुलांना माहीत नसते म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शाहीर अमर शेख. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म २० ऑक्टोबर १९१६, गाव बार्शी. आईचे नाव मुनेरबी. गाण्याचा वारसा त्यांना या आईकडून मिळाला. मुनेरबींना मराठी ओव्या तोंडपाठ होत्या. पोराने पुढे मोटारीवर क्लीनर म्हणून काम केले, गिरणीत काम केले, संपात उतरला, तुरुंगात गेला. अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकातून गायला लागला. माइक नसला तरी हजारोंच्या सभेत शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा आवाज होता म्हणतात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सभा सुरू व्हायच्या आधी लोक या आवाजासाठी येऊन बसत. १९६१ च्या 'प्रपंच' या मराठी चित्रपटात ते आहेत. जुने चित्रपट बघणाऱ्या घरांनी जरूर शोधून बघावा, सुलोचनाबाईही आहेत त्यात. २९ ऑगस्ट १९६९ ला इंदापूरजवळ अपघातात ते गेले. त्यांच्या कन्या मलिका अमर शेख मराठीतल्या नावाजलेल्या कवयित्री.

सोलापूर रस्त्याने इंदापूर ओलांडताना आम्ही मुलांना हे दरवेळी सांगतो. धाकटा एकदा म्हणाला, "अब्बू, मागच्या वेळी पण सांगितलं होतं." सांगितले होतेच, आणि पुढच्या वेळीही सांगणार.

अमर शेखांच्या विचारांशी आपल्यातल्या पुष्कळांचे जमणार नाही. कम्युनिस्ट होते ते. बारामतीजवळच्या माळेगावच्या जैतुनबी सय्यद यांचेही तसेच. त्यांनी आयुष्यभर मराठीत कीर्तने केली, वारीत चालल्या, आणि त्यावर आपल्याकडे दोन मते होती आणि राहतील. आम्हाला इथे मते मोजायची नाहीत. मुनेरबींच्या मांडीवरची भाषा कोणती होती, एवढाच सवाल आहे. डॉ. यू. म. पठाण यांनी महानुभाव आणि संतसाहित्याच्या अभ्यासात आयुष्य घातले, १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. ही सगळी माणसे मराठी "शिकून" आलेली नव्हती. तरी आजही एखाद्या कार्यक्रमात आम्ही पाच मिनिटे बोललो की कुणीतरी जवळ येऊन म्हणते, "सर, तुमची मराठी किती छान आहे हो!" आम्ही बारामतीत राहतो. मोरोपंतांनी याच गावात बसून आर्या रचल्या, त्या आम्ही वर्गात फोड करून शिकवतो. आता यावर "धन्यवाद" म्हणायचे की "तुमचीही बरी आहे" म्हणायचे, हे अजून ठरलेले नाही.

याच कारणाने आम्हाला 'सैराट'मधला सल्या आवडतो. चित्रपट २०१६ चा, चित्रण करमाळा तालुक्यातले, म्हणजे उजनीच्या पाण्यापलीकडचे आमचे शेजार. सल्या शेख हा परशाचा मित्र. तो करमाळ्याची मराठी बोलतो, इतर पोरे बोलतात तशीच, आणि चित्रपटात कुणालाही त्याचे नवल वाटत नाही. मराठी मालिकांतला मुसलमान मात्र अजूनही सुरमा घालून "अरे ओ भाईजान" करत येतो. मालिका लिहिणाऱ्यांनी एकदा इंदापूरच्या आठवडे बाजारात उभे राहून बागवानांचे बोलणे ऐकावे.

आणखी एक किस्सा जाता जाता. मोहम्मद रफींनी मराठी गाणी गायली आहेत हे जुन्या रेडिओवाल्यांना माहीत आहे. ती बहुतेक श्रीकांत ठाकरे यांनी संगीत दिलेली. श्रीकांतजी म्हणजे राज ठाकरे यांचे वडील. घरात हा प्रश्न विचारून बघा, नव्या पिढीतले कुणी ओळखते का.

आता फुफांच्या भीतीकडे येऊ, कारण ती खोटी नाही. उर्दूच्या बाबतीत आकडे खरोखर बरे नाहीत. २००१ च्या जनगणनेत देशात सुमारे ५ कोटी १५ लाख लोकांनी उर्दू मातृभाषा सांगितली होती. २०११ मध्ये सुमारे ५ कोटी ७ लाखांनी. दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढली आणि उर्दूची घटली. आपल्या राज्यात २०११ ला मुसलमान सुमारे १ कोटी ३० लाख होते आणि उर्दू सांगणारे सुमारे ७५ लाख. बाकीच्यांनी मराठी, हिंदी किंवा आणखी काही सांगितले असणार. कोकणातल्या आपल्या भावांनी त्यांची कोकणी.

आणि उर्दूच्या पाटीवरूनही कोर्ट होते. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर वर मराठी आणि खाली उर्दू अशी पाटी होती. ती उतरवा म्हणून प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. १५ एप्रिल २०२५ ला न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी निकाल दिला की मराठीच्या जोडीने उर्दू लिहायला कायद्याची आडकाठी नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू इथेच जन्मली. तो निकाल बेगमसाहेबांनी मोबाइलवर दोनदा वाचला. मराठीतली गोष्ट सांगायची तर आम्ही शाळेत हजेरी घेतो, मुलांची दप्तरे तपासतो, कागदावर शाईने लिहितो, भिंतीवर तक्ता लावतो, आणि हे सगळे शब्द फारशी-अरबीतून आलेले. तलाठ्याकडे जाऊन जमीन, वारस, हक्क हे शब्द न वापरता काम करून दाखवा!

पण फुफांच्या निरोपातला दुसरा भाग आम्हाला पटत नाही. उर्दू शाळा जनगणनेच्या रकान्यावर चालत नाही, पटावर चालते. संच मान्यता होते ती वर्गात बसलेली मुले मोजून. रकान्यात उर्दू लिहिणाऱ्याने पोरगे इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसवले तर त्या रकान्याने एकही शिक्षक वाचत नाही. फुफांना हे आम्ही अदबीने कळवले. त्यांची तिन्ही नातवंडे कोणत्या शाळेत जातात ते मात्र विचारले नाही. मोठ्यांना काही गोष्टी विचारू नयेत.

चुलतभावाच्या भीतीबद्दलही तेच. मराठी लिहिल्याने कुणी आपल्याला घरचे मानेल आणि उर्दू लिहिल्याने परके मानेल, असे ज्याचे मन आहे तो रकाना बघायला थांबतच नाही. तो नाव बघतो. मग भीतीपोटी आईची भाषा बदलून काय हाती लागणार?

आमच्या घराचा हिशेब आता असा आहे. अम्मांचे उत्तर त्या स्वतः देतील. "ऐसीच" असे नाव यादीत बसणार नाही, म्हणून आम्ही त्यांना दक्खनी हा शब्द सांगितला. त्यांना तो आवडला. "इसकू नाव भी है?" म्हणाल्या. आमचे उत्तर व्याख्येप्रमाणे तेच, अम्मांचेच. पुढच्या रकान्यात मराठी आणि उर्दू. बेगमसाहेबा सोलापूरच्या, विजापूर वेशीजवळ वाढलेल्या, उर्दू शाळेत शिकलेल्या. त्यांच्या अम्मी त्यांच्याशी जी बोलत ती उर्दू, आणि त्यात त्या तडजोड करत नाहीत. मुलांचा प्रश्न निघाला तेव्हा थोरली म्हणाली, "व्याख्या आईची आहे ना? मग माझी उर्दू. अम्मी माझ्याशी उर्दूत बोलते." धाकटा म्हणाला, "रागावते तेव्हा मराठीत बोलते." त्यावर बेगमसाहेबा मराठीत रागावल्या.

म्हणजे एका छपराखाली दोन मातृभाषा, आणि दोन्ही खऱ्या. मात्र मोजणीच्या पलीकडची एक गोष्ट बेगमसाहेबांनी काढली आणि आमच्याकडे त्यावर उत्तर नव्हते. "पोरगी उर्दू लिहायला सांगेल," त्या म्हणाल्या, "पण तिला उर्दू वाचता कुठे येते?" अरबी येते, कुरआन शरीफ पूर्ण झाले आहे, अक्षरओळख आहे. पण टे, डाल, गाफ, आणि ती दोन डोळ्यांची हे आली की अडते. गझल ती ऐकते, पाकिस्तानी मालिकांचे संवाद तिला पाठ आहेत, आणि ते सगळे ती इंग्रजी अक्षरांत लिहून मैत्रिणींना पाठवते. आमच्या ओळखीच्या घरांत हीच परिस्थिती आहे. तुमच्याकडे वेगळी असेल तर आनंद आहे. हे मासिक मराठीत निघते आणि घरोघर वाचले जाते, यात आम्हाला उणे काहीच वाटत नाही. आमचे स्वतःचे निम्मे शिक्षण मराठीत झाले. पण ज्या घरात उर्दू खरोखर बोलली जाते, तिथल्या मुलाला ती वाचता न येणे म्हणजे नानीच्या कपाटाला कुलूप लावून चावी विहिरीत टाकणे.

तेव्हा गेल्या महिन्यापासून रविवारी सकाळी नाश्ता झाला की अर्धा तास उर्दू. पुस्तक शाळेचे घेतले नाही. बेगमसाहेबा पुण्याला डी.एड.ला वसतिगृहात होत्या, तेव्हा त्यांच्या अम्मींनी लिहिलेली पत्रे एका डब्यात आहेत. त्यातलेच एक काढले. निळी शाई, घड्यांवर अक्षरे पुसट झालेली. थोरली बोट ठेवून वाचत होती. सलाम झाला, खैरियत झाली, अब्बांच्या तब्येतीचे झाले. मग एका शब्दावर गाडी अडली. बे, दोन डोळ्यांची हे, अलिफ, काफ, रे, ये. तिने चारदा जुळवले. उर्दूतला कुठला अवघड शब्द असेल म्हणून शब्दकोश मागितला. बेगमसाहेबा काही बोलल्या नाहीत, भाजी निवडत राहिल्या. पाचव्या वेळी पोरगी ओरडली, "भाकरी! अम्मी, हे भाकरी आहे!"

सोलापूरहून येणाऱ्या कुणाबरोबर तरी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवत आहे, असे नानींनी लिहिले होते. चटणीला उर्दूत ण नाही, म्हणून तिथे चटनी झाली होती. पत्राला अजून एक पान आहे. ते पुढच्या रविवारी.